दुधाळ ऊलाँग: दूध न घालता येणारी साय

अंबाजोगाईच्या एका निवृत्त शिक्षिका बाईंनी सविस्तर पत्र लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मुलगा तैवानमधील शिंचू येथे नोकरीला असून दिवाळीला येताना त्याने ‘मिल्क ऊलाँग’ चहाचे 150 ग्रॅमचे हवाबंद पाकीट आणले (ऊलाँग म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार). त्याच नावाचे एक पाकीट बाईंनी स्वतः पूर्वी ऑनलाइन मागवले होते. ऑनलाइन आलेले पाकीट उघडले की मिठाईच्या दुकानासारखा वास घरभर पसरतो, तर मुलाने आणलेल्या पानांना दुधाचा वास जवळजवळ येतच नाही. बाईंनी दोन्ही चहा आधी दूध, साखर आणि आले घालून उकळले, तेव्हा पहिला बासुंदीसारखा आणि दुसरा अगदी बेचव लागला. मग मुलाने आणलेला चहा बोअरच्या पाण्यात दूध न घालता उकळून पाहिला, तर तो तुरट झाला आणि कपात वर तवंग आला. या चहात खरोखर दूध असते का, दोन्हींपैकी अस्सल कोणता आणि तो करावा कसा, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी गेली बावीस वर्षे छत्रपती संभाजीनगरात राहून चहा चाखण्याचे आणि खरेदीचे काम करतो. बाईंच्या वर्णनावरून माझा अंदाज असा आहे की मुलाने आणलेला चहा अस्सल आहे, आणि त्याची चव पानांच्या दोषामुळे नव्हे, तर पाणी, उकळी आणि वरून घातलेले दूध या तीन ठिकाणी हरवली आहे. यांपैकी पाण्याचा वाटा सर्वांत मोठा आहे आणि आपल्या भागात त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते, म्हणून उत्तराचा मोठा भाग मी पाण्यावर खर्च करणार आहे.

आधी दुधाविषयी. अस्सल दुधाळ ऊलाँगमध्ये दुधाचा थेंबही नसतो. चहाच्या झुडपांना दूध घालतात, पाने दुधाच्या वाफेवर शिजवतात किंवा दुधात भिजवून वाळवतात, अशा कथा विक्रेते सांगत असतात आणि त्या ऐकायला छान वाटतात. परंतु दुधात भिजलेले पान किती दिवस टिकेल, याचा विचार दूधदुभत्याच्या घरात वाढलेल्या कोणीही केला तर त्या कथेचे उत्तर आपोआप मिळते. या चहाचा दूधपणा येतो तो झाडाच्या वाणातून. तैवानच्या चहा संशोधन केंद्राने 1981 साली ‘ताइचा क्रमांक 12’ या नावाने एक संकरित वाण प्रसृत केले. ‘ताइनोंग क्रमांक 8’ आणि ‘यिंगची होंगशिन’ या दोन वाणांच्या संकरातून ते तयार झाले होते, आणि प्रयोगाच्या काळातील त्याचा क्रमांक 2027 असल्यामुळे तिकडचे जुने शेतकरी अजूनही त्याला त्या आकड्याने ओळखतात. हे वाण घडवणारे संशोधक वू चेन-तुओ यांनी त्याला आपल्या आजीचे नाव दिले, ते म्हणजे जिन शुआन. त्याच वेळी प्रसृत झालेल्या क्रमांक 13 च्या वाणाला त्यांनी आईचे नाव दिले, छुई यू. एखाद्या पिकाच्या वाणाला घरातल्या वडीलधाऱ्या बाईचे नाव लाभावे, ही गोष्ट मला फार भावते आणि चहा शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ती आवर्जून सांगतो.

जिन शुआनचे पान जाडसर असते, झाड रोगाला सहजासहजी बळी पडत नाही आणि तैवानमधील प्रतिष्ठित ‘छिंगशिन’ वाणापेक्षा त्याचे उत्पन्नही चांगले येते, त्यामुळे नान्तोऊ जिल्ह्यातील मिंगजिएनच्या पठारापासून आलिशानच्या डोंगरापर्यंत त्याची लागवड झाली. तैवानच्या परिभाषेत 1000 मीटरपेक्षा अधिक उंचीवरच्या चहाला ‘उंच डोंगरावरचा चहा’ म्हणतात, आणि आलिशानचा जिन शुआन त्या वर्गात मोडतो. पुढे हे वाण थायलंडच्या उत्तरेकडील माए सालोंग आणि व्हिएतनामच्या लाम डोंग या डोंगराळ भागांतही गेले. म्हणून पाकिटावर तैवानऐवजी थायलंड लिहिलेले दिसले तर तो चहा लगेच बनावट समजू नये. माए सालोंगचा जिन शुआन मी अनेकदा चाखला आहे. तो थोडा हलका असतो, पण प्रामाणिक असतो आणि पहिल्यांदा शिकणाऱ्याला परवडतो.

वाण हे मूळ झाले, तरी दूधपणा प्रत्येक तोडणीत सारखा उतरत नाही. थंड हवेत सावकाश वाढलेल्या पानांत तो अधिक जाणवतो, म्हणून जाणकार खरेदीदार हिवाळी आणि वसंतातील तोडणीला पसंती देतात. पाने तोडल्यावर ती काही काळ उन्हात आणि नंतर सावलीत सुकवतात, मधूनमधून हलक्या हाताने उलटीपालटी करतात, त्यामुळे पानांच्या कडा किंचित दुखावतात आणि तिथून ऑक्सिडीकरण सुरू होते. आपल्याकडे याला सर्रास ‘आंबवणे’ म्हणतात, पण इडलीचे पीठ आंबते तशी ही क्रिया नाही. चिरलेल्या वांग्याच्या फोडी जशा हवेने काळ्या पडतात, तशी ही पानातील विकरांनी घडवलेली क्रिया आहे. काळ्या चहात ती पूर्णत्वाला नेतात, हिरव्या चहात सुरूच होऊ देत नाहीत, आणि जिन शुआनमध्ये ती साधारण 15 ते 30 टक्क्यांवर तापलेल्या पिंपात पाने परतून थांबवतात. नंतर कापडात घट्ट बांधून पुन्हापुन्हा मळल्यामुळे पानांच्या ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या, गोल गुंडाळ्या होतात. पुढे काही कारखाने त्या जास्त भाजतात; भाजण्याचा खमंगपणा चांगलाच असतो, मात्र त्याखाली दूधपणा दबतो. ज्यांना दूधपणाच हवा आहे त्यांनी हलका भाजलेला किंवा न भाजलेला चहा घ्यावा.

आता त्या वासाचे स्वरूप. ऊलाँगच्या सुगंधात लॅक्टोन वर्गातील काही संयुगे असतात. हाच वर्ग लोण्यात, नारळात आणि पिकलेल्या पीच फळातही सापडतो, म्हणून तो वास नाकाला भिडला की आपला मेंदू स्निग्ध पदार्थाची अपेक्षा करतो. त्याच्या जोडीला पानांतील अमिनो आम्ले आणि पाण्यात विरघळणारे इतर घटक चहाला जिभेवर थोडे वजन देतात. कपात स्निग्धांश नसतोच. वास आणि वजन एकत्र आल्यामुळे जी जाणीव होते तिलाच आपण ‘दुधाळ’ म्हणतो. त्यामुळे ही चव शोधायची जागा पाकिटाच्या तोंडाशी नाही, तर घोट गिळल्यानंतर जिभेच्या मागच्या भागात आणि रिकाम्या झालेल्या कपाच्या तळाशी आहे. मी स्वतः हे समजायला दोन वर्षे घेतली. सुरुवातीच्या काळात एका दुकानातून बरीच किंमत मोजून असे पाकीट घेतले होते, आणि त्याचा वास इतका जोरदार होता की मी तो उत्तम माल समजून ओळखीच्या चार जणांना दिला. तिसऱ्यांदा पाणी ओतल्यावर त्यात गवताच्या पाण्यापलीकडे काही उरले नाही, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

बाईंच्या ऑनलाइन पाकिटाचे प्रकरण बहुधा असेच आहे. चीनच्या फूजियान प्रांतात आणि इतरत्रही साध्या ऊलाँगला दुधाचा स्वाद देणारे अर्क लावून तो ‘मिल्क ऊलाँग’ म्हणून विकला जातो. यात आपोआप फसवणूक ठरत नाही. आपल्याकडील अन्नसुरक्षा नियमांनुसार चहात स्वाद मिसळला असेल तर तसे पाकिटावर लिहावे लागते, आणि तसे स्पष्ट लिहून योग्य किमतीत विकलेला स्वादयुक्त चहा कोणाला आवडत असेल तर त्याने तो खुशाल प्यावा. माझा आक्षेप फक्त त्याला आलिशानचा दर देण्याला आहे. ज्यांना दुधाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी मात्र स्वादयुक्त चहाच्या घटकांची यादी जरूर वाचावी, कारण स्वादासाठी वापरलेला घटक दुधापासून केलेला असू शकतो.

फरक ओळखण्यासाठी घरच्या घरी करता येण्यासारखी परीक्षा सांगतो. दोन सारख्या कपांत दोन्ही चहांची 3-3 ग्रॅम पाने घ्यावीत आणि त्यांवर सारखेच गरम पाणी घालून केवळ पाच सेकंदांत ते दुसऱ्या कपात ओतून घ्यावे. या वेळी पानांच्या गुंडाळ्या अजून उघडलेल्या नसतात. या पहिल्या धुण्याच्या पाण्यालाच जर दाट मिठाईचा वास येत असेल, तर तो वास पानाच्या आत नसून वरच्या पृष्ठभागावर आहे. अस्सल जिन शुआनचे धुण्याचे पाणी जवळजवळ मुके असते. त्यानंतर दोन्ही पाने सलग चार वेळा सारख्याच वेळेत करून पाहावीत. अस्सल चहाचा सुगंध दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पान उमलेल तसा वाढतो आणि मग हळूहळू उतरतो, लावलेला सुगंध पहिल्या वेळी शिखरावर असतो आणि तिसऱ्या वेळी एकदम कोसळतो. शेवटी ओली पाने बशीत पसरून हुंगावीत. अस्सल पानांना ताज्या भाजीचा, फुलांचा आणि त्याखाली कोमट लोण्याचा मंद वास येतो. स्वाद लावलेल्या पानांना शेवटपर्यंत व्हॅनिला किंवा आटवलेल्या दुधाच्या डब्याची आठवण करून देणारा एकच सूर असतो.

आता पाण्याकडे वळतो. मराठवाड्याचा बहुतांश भाग बेसाल्ट खडकावर आहे आणि आपल्या कित्येक गावांत पिण्याचे पाणी बोअरमधून येते. या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट यांचे प्रमाण अनेकदा भरपूर असते; गिझरच्या कॉइलवर आणि पाणी तापवण्याच्या पातेल्याच्या बुडाशी जो पांढरा थर बसतो तो याचाच. रोजच्या दुधाच्या चहात हे पाणी फारसे त्रास देत नाही, कारण त्यात पूड भरपूर असते आणि दूध, साखर, आले सगळे झाकून टाकतात. कोऱ्या ऊलाँगला मात्र लपायला जागा नसते. कॅल्शियम व बायकार्बोनेट चहातील पॉलिफेनॉलांशी, म्हणजे त्याला तुरटपणा देणाऱ्या द्रव्यांशी, संयोग पावून वर पातळ तवंग धरतात, रंग मळकट करतात, आणि ज्या हलक्या सुगंधासाठी आपण एवढे पैसे दिले तो पाण्यातच मरतो. बाईंनी ज्या तवंगाचा उल्लेख केला आहे, तो पाहून अनेक जण पानांवर रसायन फवारले असेल अशी भीती व्यक्त करतात. बोअरच्या पाण्यात तो तवंग सर्वसाधारणपणे पाण्याचाच असतो. तीच पाने मऊ पाण्यात केली की तो दिसत नाही.

यावर आरओचे पाणी हा सर्वांना सुचणारा उपाय आहे, पण तो अर्धाच उपाय आहे. अनेक घरांत आरओ इतका कडक लावलेला असतो की त्यातून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचे माप, 20 च्याही खाली जाते. अशा पाण्यात जिन शुआनचा वास स्वच्छ येतो, परंतु अंग येत नाही. चहा जिभेवर पातळ आणि रिकामा वाटतो, आणि दूधपणाचा निम्मा भाग या अंगातच असतो. माझ्या अनुभवात या चहासाठी 50 ते 120 च्या दरम्यानचे टीडीएस उत्तम ठरते. ते मिळवण्यासाठी दोन पाणी मिसळावे. समजा घरच्या बोअरचे टीडीएस 800 आणि आरओचे 40 आहे, तर एक भाग बोअरचे आणि नऊ भाग आरओचे पाणी एकत्र केल्यास ते सुमारे 116 होईल. टीडीएस मोजण्याचे खिशात मावणारे यंत्र थोड्या पैशांत मिळते आणि ज्याला चहाचा नाद लागला आहे त्याने भांड्यांवर खर्च करण्याआधी ते घ्यावे. टीडीएस आणि पाण्याचा जडपणा या दोन गोष्टी एकच नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. खारट बोअरमध्ये टीडीएस मिठामुळेही वाढते, आणि असे पाणी मिसळण्यासाठीही वापरू नये. त्यापेक्षा नळाचे पाणी एक रात्र उघड्या भांड्यात ठेवून वापरलेले बरे, म्हणजे क्लोरीनचा वासही कमी होतो.

ज्यांच्याकडे आरओ नाही त्यांनी निराश होऊ नये. बोअरचे पाणी स्वच्छ पातेल्यात दहा मिनिटे खळखळ उकळून झाकून ठेवावे आणि पूर्ण निवळल्यावर वरचे पाणी न ढवळता दुसऱ्या भांड्यात अलगद काढून घ्यावे. उकळल्यामुळे बायकार्बोनेटसोबत असलेला बराचसा कॅल्शियम पांढऱ्या गाळाच्या रूपाने तळाशी बसतो. हा उपाय सगळा जडपणा घालवत नाही, परंतु पाण्याचा जो भाग चहाला सर्वांत जास्त बाधतो तोच कमी करतो. लातूरच्या एका स्नेह्यांकडे मी आधी साध्या आणि नंतर अशा निवळलेल्या पाण्यात तोच चहा करून दाखवला होता. दुसरा कप हातात घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो ही पाने वेगळी आहेत का, असा. 2016 साली ज्या शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात चहासाठी पाण्याचे एवढे लाड सांगताना मलाही संकोच होतो. म्हणून हेही सांगतो की या चहाला पाणी फार थोडे लागते. एकच चिमूट पाने पाच-सहा वेळा करूनही एका बैठकीत जेमतेम पाऊण लिटर पाणी खर्च होते.

पाणी तापवण्याविषयी थोडे. मराठवाड्यातील बरीच गावे समुद्रसपाटीपासून साधारण 350 ते 700 मीटर उंचीवर असल्यामुळे आपल्याकडे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते. जिन शुआनला 90 ते 95 अंशांचे पाणी मानवते, त्यामुळे आधण आले की गॅस बंद करून अर्धा लिटर पाणी झाकण न ठेवता दीड-दोन मिनिटे थांबू द्यावे, एवढेच पुरते. पाने पाण्यात टाकून उकळू नयेत. आपल्या रोजच्या चहाची पूड उकळीसाठीच बनलेली असते. ही अख्खी पाने उकळली की आतील तुरट द्रव्ये भराभर बाहेर येतात आणि सुगंध वाफेबरोबर स्वयंपाकघरात निघून जातो. बाईंचा कोरा चहा तुरट होण्याचे कारण हेच.

करण्याच्या दोन पद्धती मी सांगतो, आणि पहिलीवर माझा अधिक जीव आहे. तैवानमध्ये आणि चीनमध्ये झाकण असलेल्या, बिनकानाच्या चिनी मातीच्या वाटीत हा चहा करतात, तिला गायवान म्हणतात. ती नसेल तर 100 ते 120 मिलिलिटरचा चिनी मातीचा कप आणि त्यावर झाकण म्हणून उपडी ठेवलेली छोटी बशी चालते. स्टीलची वाटी मात्र घेऊ नये, कारण ती फार लवकर निवते आणि हातही भाजतो. कप आधी गरम पाण्याने विसळून घ्यावा. परभणीकडच्या पौष महिन्यातल्या सकाळी हे टाळले, तर थंडगार कप पाण्याची उष्णता ओढून घेतो आणि पाने नीट उमलतच नाहीत. त्यात 5 ग्रॅम पाने घालावीत. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घरी असल्यास उत्तम, नसल्यास गुंडाळलेल्या पानांचे दोन सपाट चहाचे चमचे साधारण तेवढेच भरतात. इतकी कमी पाने पाहून पुन्हा चमचा घालण्याचा मोह होतो, पण ही पाने उमलल्यावर अख्खा कप भरून टाकतात.

गरम कपात कोरडी पाने घालून क्षणभर झाकावीत आणि झाकण उघडून हुंगावे. या चहाचा पहिला खरा सुगंध इथे भेटतो. मग पाणी घालून पाच सेकंदांत ओतून टाकावे. त्यानंतर पहिल्या वेळी 45 सेकंद, दुसऱ्या वेळी 35 सेकंद, तिसऱ्या वेळी 50 सेकंद, आणि पुढे दर वेळी पंधरा-वीस सेकंद वाढवत जावे. दुसऱ्या वेळेला कमी अवधी देण्याचे कारण असे की तोवर गुंडाळ्या सैल झालेल्या असतात आणि पाणी आत सहज शिरते. दर वेळी शेवटचा थेंबसुद्धा ओतून घ्यावा, कारण तळाशी राहिलेल्या पाण्यात पाने तुरटपणा सोडत राहतात. सर्व चहा आधी एका छोट्या भांड्यात काढून मग कपांत वाटला तर घरातल्या सगळ्यांना सारखी चव मिळते. चांगला जिन शुआन असा सहा वेळा निभतो आणि मला त्याचा तिसरा फेरा सर्वांत आवडतो.

घाई असेल तर दुसरी पद्धत आहे: 200 मिलिलिटर पाण्याला 3 ग्रॅम पाने, तीन मिनिटे झाकून, मग गाळणीतून ओतावे आणि त्याच पानांवर पुन्हा चार मिनिटांसाठी पाणी घालावे. व्यावसायिक परीक्षेत तैवानमध्ये 150 मिलिलिटर उकळत्या पाण्यात 3 ग्रॅम गुंडाळलेली पाने सहा मिनिटे ठेवतात. ती पद्धत चहाचे दोष उघडे पाडण्यासाठी आहे, सुखाने पिण्यासाठी नाही, पण दोन पाकिटांपैकी कोणते घ्यावे असा प्रश्न पडल्यास ती घरी जरूर वापरावी. सहा मिनिटांनंतरही ज्या चहाची तुरटी सुसह्य राहते, तो चहा चांगला घडवलेला असतो.

चाखताना कसे प्यावे, हे आपल्या लोकांना शिकवावे लागत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने चहा बशीत ओतून भुरका मारून प्यायला, आणि जगभरचे चहापारखीही चमच्यातून तसाच आवाज करत घोट ओढतात. भुरक्यात चहाबरोबर हवा आत येते, घोट जिभेवर पसरतो आणि सुगंध घशातून मागच्या बाजूने नाकात चढतो. बशीत चहा पसरल्यावर तो पटकन कोमट होतो, हाही तिचा फायदा आहे, कारण फार गरम चहात जिभेला फक्त उष्णता कळते. जिन शुआनचा दूधपणा मला 55 ते 60 अंशांच्या आसपास, म्हणजे कप हातात सहज धरवतो त्या वेळी, सर्वांत स्पष्ट जाणवतो. घोट गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडावा. त्या श्वासात जे येते त्याला नाव देण्याचा प्रयत्न करावा: निवत आलेल्या दुधावर नुकतीच धरू लागलेली साय, कढवायला ठेवलेल्या लोण्याचा पहिला वास, लांबून आलेला मोगरा, कोवळ्या कणसाची गोडी. भूमच्या खव्याच्या भट्टीजवळून जाताना जो भाजका, दाट वास येतो, तो यात शोधू नये; तो सापडलाच तर चहा जास्त भाजलेला आहे किंवा त्याला स्वाद लावलेला आहे. रिकामा कप लगेच धुवू नये. मिनिटभराने त्याचा तळ हुंगला तर अस्सल चहात तिथे साखरेच्या पाकासारखा आणि लोण्यासारखा वास रेंगाळत असतो, आणि नव्या माणसाला दूधपणा पहिल्यांदा पटतो तो बहुतेक वेळा या रिकाम्या कपातच.

झणझणीत जेवणानंतर लगेच हा चहा चाखू नये. येसराची आमटी आणि ठेचा खाल्लेल्या तोंडाला तासाभरात तरी तो कळणार नाही. सकाळी नाष्ट्यानंतर दीड-दोन तासांनी किंवा दुपारच्या झोपेनंतरची वेळ मला योग्य वाटते. सोबत काही हवे असेल तर ज्वारीच्या लाह्यांसारखे साधे, बिनतिखटाचे काही घ्यावे. पेढा किंवा बर्फी सोबत दिली तर तिच्यापुढे चहाचा दूधपणा दिसेनासा होतो. यात कॅफिन असते, म्हणून ज्यांची झोप हलकी आहे त्यांनी संध्याकाळनंतर टाळावा.

दूध घालावे का, या बाईंच्या न विचारलेल्या पण पत्रात दडलेल्या प्रश्नाचे उत्तर मी स्पष्टपणे नाही असे देईन. दुधातील केसिन हे प्रथिन चहातील पॉलिफेनॉलांना बांधून ठेवते आणि दुधाचा स्वतःचा वास चहाच्या त्या अगदी हलक्या वासावर पसरतो, म्हणजे आपण ज्याच्यासाठी हा चहा घेतला तेच आपल्या हाताने पुसून टाकतो. देवणी गाईचे दूध आणि आसामची कडक पूड यांचा चहा आपल्या जागी उत्कृष्ट असतो, आणि दुधाचा चहा प्यायचा असेल तेव्हा तोच प्यावा. ऑनलाइन आलेले स्वादयुक्त पाकीटही बाईंनी टाकून देऊ नये. थोड्या दुधात, साखर न घालता तो बरा लागतो आणि घरातील मुलांना आवडतो.

शेवटी साठवणीचे आणि उन्हाळ्याचे सांगतो. हवाबंद पाकीट उघडले की पाने घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरावीत आणि तो डबा मसाल्याच्या मांडणीपासून, विशेषतः काळ्या मसाल्याच्या बरणीपासून दूर, अंधाऱ्या व थंड कपाटात ठेवावा, कारण चहाचे पान शेजारचा वास फार लवकर ओढून घेते. उघडलेला डबा फ्रीजमध्ये ठेवू नये. दर वेळी बाहेर काढताना त्यावर दव धरते आणि पाने सर्द होतात. हलका भाजलेला जिन शुआन उघडल्यापासून तीन-चार महिन्यांत संपवलेला बरा, आणि आपल्याकडे मार्चनंतर पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या खोलीत तो त्याआधीच शिळा होतो. त्यामुळे बाईंनी दिवाळीच्या पाकिटातील 20-25 ग्रॅम पाने चैत्रासाठी वेगळ्या छोट्या डब्यात, तोंड न उघडता राखून ठेवावीत. पारा 40 च्या पुढे गेला की त्यातील 6 ग्रॅम पाने काचेच्या बाटलीत घालून त्यांवर निवळलेले किंवा मिसळलेले 600 मिलिलिटर थंड पाणी ओतावे आणि बाटली रात्रभर, साधारण आठ तास, फ्रीजमध्ये ठेवावी. थंड पाण्यात तुरट द्रव्ये फार कमी उतरतात, गोडी आणि स्निग्धपणा मात्र उतरतो, म्हणून दूधपणा ज्यांना गरम कपात सापडत नाही त्यांना तो या बाटलीत सापडतो. सकाळी गाळून बर्फाशिवाय प्यावा आणि बाटली त्याच दिवशी संपवावी.